आधी परवानगी, मग बांधकाम: हा नियम फक्त झोपडीलाच का?

२०२२ च्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या बौद्ध आणि मातंग वस्त्यांमध्ये नोटिसा येऊन पडल्या. गायरानावरचे अतिक्रमण काढून घ्या, नाहीतर सरकार काढेल, असा त्यांचा मजकूर होता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अशा नोटिसा तेव्हा राज्यभर निघाल्या होत्या. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्यांचे आजोबा तुरुंगात गेले, त्यांच्या नातवांच्या हातात तो कागद होता. आम्ही त्यांना घेऊन तलाठ्याकडे गेलो, तहसीलला गेलो. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला गेला. "परवानगी घेतली होती का?" नव्हती. मग विषय संपला. किती वर्षे जमीन कसली, घरावर किती खर्च केला, मुले कुठे जातील, यातले काहीही कुणी विचारले नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. त्यातही मूळ प्रश्न तोच होता. ज्यांनी आधी परवानगी न घेता बांधले, त्यांचे काय करायचे? फरक एवढाच की इथे बांधणारे गायरानावरचे भूमिहीन नव्हते. कारखानदार होते, बिल्डर होते आणि खुद्द सरकारही होते. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की इतका पैसा खर्च झाला आहे, आता पाडायचे कसे? दंड घ्या, अटी घाला आणि मंजुरीचा रस्ता खुला ठेवा.

या निकालावर आपल्या चळवळीत फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती. पर्यावरण हा आपला विषय नाही असे समजून आपण तो सोडून देतो, आणि हा निकाल देणाऱ्यांमध्ये आपला माणूस होता म्हणून आपण गप्प बसतो. ही दोन्ही कारणे आम्हाला मान्य नाहीत.

कायदा काय सांगतो?

भोपाळमध्ये १९८४ साली विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी आजची, अशा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचना निघाल्या. खाण, धरण, बंदर, औष्णिक वीज केंद्र, रासायनिक कारखाना, विमानतळ, महामार्ग, मोठे गृहसंकुल अशा प्रकल्पांची यादी त्यात आहे. यादीतल्या प्रकल्पाचे काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी छाननी होते, कशाचा अभ्यास करायचा हे ठरते, लोकांचे म्हणणे घेतले जाते आणि शेवटी तज्ज्ञ समिती सगळे तपासून शिफारस करते.

या अधिसूचनेचा जीव एका शब्दात आहे, तो म्हणजे 'पूर्व'. मंजुरी पूर्व हवी. पाया खोदण्याआधी हवी.

आपल्या कार्यकर्त्यांमध्येही इथे एक गैरसमज असतो. "हा तर सरकारी प्रकल्प आहे, मंत्रिमंडळाने मंजूर केलाय, आता काय करणार?" असे आम्ही शंभरदा ऐकले आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी वेगळी आणि पर्यावरण मंजुरी वेगळी. प्रकल्प करायचा की नाही, त्याला किती निधी द्यायचा, हे मंत्रिमंडळ ठरवते. त्या प्रकल्पाने कुणाचे पाणी नासेल, कुणाची हवा बिघडेल, कुणाला उठावे लागेल, हे तपासण्याची रीत कायद्याने वेगळी सांगितली आहे आणि ती सरकारलाही लागू आहे.

सरकारी प्रकल्पाचे उदाहरण गोव्यातले पाहा. मोपा विमानतळ सरकारनेच ठरवला होता. तरी २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात आणि अहवालात आवश्यक माहिती दिलेली नव्हती. पुढे जानेवारी २०२० मध्ये फेरतपासणीनंतर ती स्थगिती उठली आणि विमानतळ झालाही. प्रकल्प थांबला नाही, पण सरकारला पुन्हा तपासणीला बसावे लागले. कायद्याची मागणी एवढीच असते.

मे आणि नोव्हेंबर

१४ मार्च २०१७ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. ज्यांनी मंजुरीविना काम सुरू केले आहे, त्यांनी सहा महिन्यांत अर्ज करावा, त्यांना नंतर मंजुरी देता येईल, असे तिचे स्वरूप होते. ही सवलत एकदाच मिळणार असे सांगितले गेले. पण ७ जुलै २०२१ रोजी कार्यालयीन ज्ञापन काढून तोच रस्ता पुन्हा उघडला. दंड किती? काम सुरू झालेले नसेल, पण बांधकाम झाले असेल, तर झालेल्या खर्चाच्या एक टक्का. उत्पादन सुरू झाले असेल तर त्याशिवाय उलाढालीच्या पाव टक्का. आपणहून कबूल केले तर तोही निम्मा. आपल्या वस्तीतली माणसे बचत गटाच्या कर्जावर याच्यापेक्षा जास्त व्याज भरतात.

ग्रामपंचायतीत काम केलेल्यांना 'कार्योत्तर मंजुरी' हा शब्द चांगला माहीत असतो. आधी खर्च करायचा आणि मग ठराव घ्यायचा. इथे तीच पद्धत नद्यांना आणि माणसांच्या फुप्फुसांना लावली गेली.

वनशक्ती या मुंबईच्या संस्थेने याला आव्हान दिले. १६ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने अधिसूचना आणि ज्ञापन दोन्ही रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या कॉमन कॉज प्रकरणात आणि २०२० च्या अलेम्बिक प्रकरणातही कार्योत्तर मंजुरी पर्यावरण कायद्यात बसत नाही असेच म्हटले होते. आधीच दिलेल्या मंजुऱ्यांना मात्र मे महिन्याच्या निकालाने हात लावला नव्हता.

बिल्डरांची संघटना क्रेडाई पुनर्विलोकनासाठी गेली. १८ नोव्हेंबरला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी बहुमताने मे महिन्याचा निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकायला पाठवले. कार्योत्तर मंजुरी अपवाद म्हणून मान्य करणारे काही निकाल मे महिन्यातल्या पीठाने विचारात घेतले नाहीत, हे एक कारण त्यांनी दिले. दुसरे असे की सुमारे २०,००० कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, आणि ओडिशातले ९६२ खाटांचे एम्स रुग्णालय व कर्नाटकातल्या विजयनगरचा विमानतळ यांसारख्या कामांनाही फटका बसेल. न्या. भुयान यांनी असहमतीचे सविस्तर निकालपत्र लिहिले.

आपल्या माणसाच्या निकालावर बोलायचे का?

भूषण गवई हे देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. १४ मे २०२५ ला त्यांनी शपथ घेतली तेव्हा आमच्या विहारात पेढे वाटले गेले. ६ ऑक्टोबरला भर न्यायालयात त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न झाला तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो, आणि असे पुन्हा कुणाच्या बाबतीत झाले तर पुन्हा उतरू. तो हल्ला जातीच्या मस्तीतून आलेला होता, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण आदर वेगळा आणि भक्ती वेगळी. व्यक्तिपूजेचे धोके बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे जयंतीच्या भाषणात सांगितले, आणि संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात पुन्हा सांगितले. निकाल पटला नाही तर मुद्द्याने सांगणे हा त्या शिकवणीचाच भाग आहे. बूट फेकणारा आणि टीका करणारा यांच्यात फरक करता आला नाही तर आपण वाचलेले बाबासाहेब वाया गेले.

आणि आमचा मुद्दा आम्ही न्या. गवईंच्याच दुसऱ्या निकालावरून मांडतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझरवर निकाल दिला. किमान १५ दिवसांची नोटीस द्या, म्हणणे ऐका, लेखी कारण द्या आणि मगच पाडण्याचा विचार करा, असे त्यात सांगितले. रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा यांना त्यातून वगळले होते, ही त्याची मर्यादा. तरीही आम्ही त्या निकालाचे स्वागत केले, कारण त्याने सरकारला बजावले की आधी ऐकून घ्यायचे, मग कृती करायची.

आम्हाला पर्यावरणाच्या बाबतीतही एवढेच हवे आहे. घर पाडण्याआधी माणसाचे ऐकणे बंधनकारक असेल, तर त्या माणसाच्या विहिरीशेजारी खाण खोदण्याआधी त्याचे ऐकणे बंधनकारक का नसावे? पाडल्यानंतर दिलेली नोटीस जशी निरर्थक, तशीच खोदल्यानंतर घेतलेली सुनावणी निरर्थक.

"रुग्णालय पाडायचे का?"

हा प्रश्न आम्हाला विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. सरकारी रुग्णालयात आपलीच माणसे जातात. ते उभे राहिलेले पाडावे असे आम्हालाही वाटत नाही. पण हा प्रश्न लोकांच्या गळ्यात मारण्याआधी दुसरा प्रश्न विचारा. रुग्णालयाची फाईल चालवणाऱ्यांना परवानगी लागते हे माहीत नव्हते का? गायरानावरच्या निरक्षर म्हाताऱ्याला "कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही" असे सुनावतात. मग सल्लागार, वकील आणि अभियंते पगारावर ठेवणाऱ्या खात्याला ते अज्ञान माफ कसे? एखाद्या प्रकल्पाला अपवाद करायचाच असेल तर न्यायालयाने त्या एका प्रकल्पापुरता, कारणे देऊन करावा आणि ज्या अधिकाऱ्याने सही केली त्याच्यावर कारवाई व्हावी. एका रुग्णालयासाठी उघडलेल्या दारातून सगळे खाणमालक आणि बिल्डर आत येतात, ही आमची तक्रार आहे.

शिवाय रुग्णालयाला तपासणी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी तिथे रोज निघणारे सांडपाणी, सुया आणि रक्ताने भिजलेले बोळे आठवावेत. ते कुठे जाणार, त्यावर प्रक्रिया कोण करणार, हे तपासणीत विचारले जाते. ते न विचारता रुग्णालय उभे राहिले तर तो कचरा शेवटी कोणाच्या हातांनी उचलला जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

"बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते"

होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना त्यांनी दिशा दिली. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत ते कधीच नव्हते आणि आम्हीही नाही. आम्हाला वीज हवी, कारखाने हवेत, नोकऱ्या हव्यात. गावगाड्यात परत जाण्यात आम्हाला काडीचा रस नाही.

पण त्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग या संस्था उभ्या राहिल्या, हेही वाचा. पाहणी, मोजणी, माहिती, तज्ज्ञांचा अभ्यास आणि मग योजना, असा तो क्रम होता. आधी बांधा आणि मग अभ्यास दाखवा, ही रीत बाबासाहेबांच्या नावावर खपवता येणार नाही. बाबासाहेबांचा विकास म्हणून आपल्यापुढे जे ठेवले जाते, त्यात त्यांचा हा क्रम असला पाहिजे.

हा विषय आपला नाही का?

पर्यावरण म्हणजे वाघ, पक्षी आणि सहलीला जाणाऱ्यांचा विषय, असे आपल्याकडे बोलले जाते. या चळवळींमध्ये सवर्णांचा भरणा होता आणि आहे, हे खरेच. पण धूर कुणाच्या घरात शिरतो ते बघा. मुंबईत माहुलमधल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवले. तरी तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो माणसे तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या त्याच शेजारात नेऊन ठेवली गेली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की या लोकांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या. ज्यांना निवड करता येते ते अशा जागी राहायला जात नाहीत.

आणि महाड? दरवर्षी २० मार्चला आपण चवदार तळ्यावर जातो. १९२७ साली तिथे सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून हक्क सांगितला गेला. त्याच महाडमध्ये आज रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला, पण पाणीच हात लावण्याजोगे राहिले नाही तर त्या हक्काचे काय करायचे? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

एका विहिरीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका खाणीच्या विस्ताराच्या जनसुनावणीला आम्ही गेलो होतो. मंडपात पुढच्या खुर्च्या जमीनमालकांना आणि पुढाऱ्यांना होत्या. आमची माणसे मागे, कनातीला टेकून उभी. बहुतेक शेतमजूर. अहवालात 'बाधित' म्हणून ज्यांची नावे होती त्यांच्यात ती नव्हती, कारण ज्याच्या नावावर सातबारा नाही तो कागदावर बाधित होत नाही. मजुरी बुडणे हे नुकसान त्यांच्या तक्त्यात बसत नाही.

आम्ही आदल्या आठवड्यात मराठी सारांश वाचला होता. परिसरातल्या पाण्याच्या स्रोतांची यादी त्यात होती. गावठाणातल्या विहिरी होत्या, बौद्धवाड्यातली विहीर नव्हती. मूल्यांकन करणारी संस्था प्रकल्पवाल्याच्याच पैशावर काम करते, तिने गावात येऊन पाटलाच्या ओसरीवर माहिती घेतली असणार. आमच्यातल्या एक मावशी माइकजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमची विहीर तुमच्या कागदात का नाही? आम्ही पाणी पीत नाही का?"

मंडप शांत झाला. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले तेव्हा त्यात मावशींचे वाक्य नव्हते. आमची पोरे उठली. कायद्याप्रमाणे सगळ्यांच्या हरकती नोंदवून, त्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून, त्याच दिवशी सही व्हावी लागते. थोडी वादावादी झाली, मग ते वाक्य लिहिले गेले. पुढे अंतिम अहवालात त्या विहिरीला क्रमांक मिळाला आणि पाणी तपासणीच्या यादीत ती आली.

खाण थांबली नाही. आम्ही मोठा विजय मिळवला असेही म्हणत नाही. पण ज्या गावात मावशींना ग्रामसभेतही कुणी बोलू देत नव्हते, तिथे अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या समोर, व्हिडिओ चित्रण चालू असताना, त्यांनी प्रश्न विचारला आणि तो सरकारी कागदावर गेला. जनसुनावणीला भूमिहीनालाही बोलता येते, सातबारा लागत नाही. अशा जागा या देशात किती आहेत?

कार्योत्तर मंजुरीत हीच जागा हिरावली जाते. तिथे सुनावणी घेतली तरी खाण खोदून झालेली असते, विहीर आटलेली असते आणि मावशी कुठल्यातरी वीटभट्टीवर कामाला गेलेल्या असतात.

या जागेवर आधीच खूप कात्री चालली आहे. औद्योगिक वसाहतींमधले प्रकल्प, इमारती आणि टाउनशिप, जादा जमीन न घेता होणारे रस्ता रुंदीकरण, 'ब-२' गटातले सगळे प्रकल्प यांना जनसुनावणी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजे आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणीही त्यातून वगळल्या. २०२० च्या टाळेबंदीत आलेला नव्या अधिसूचनेचा मसुदा तर फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आपण काय करायचे?

निषेधाचे पत्रक काढून हे होणार नाही. प्रत्येक तालुक्यात चार-पाच शिकलेल्या पोरापोरींनी एवढे काम अंगावर घ्यावे.

जनसुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, एका मराठी दैनिकातही यावी लागते. ती दिसली की प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेतून अहवाल आणि मराठी सारांश मिळवा. विहारात बसून मोठ्याने वाचा. आपली वस्ती नकाशावर आहे का, आपली विहीर, स्मशानभूमी, गायरानावरची शेती आहे का, एवढे आधी तपासा. 'पडीक सरकारी जमीन' असे जिथे लिहिले असेल तिथे बहुधा आपलेच कुणीतरी कसत असते.

हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीत बायकांना आधी बोलू द्या, पाण्याबद्दल त्यांना जास्त कळते. इतिवृत्त वाचून होईपर्यंत मंडप सोडू नका.

मंजुरी मिळाली तर हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढते. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि सर्व स्त्रियांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो, तो मागा. आणि मंजुरीतल्या अटी पाळल्या जातात का याचा अहवाल प्रकल्पवाल्याला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागवा आणि वस्तीतल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहा.

कार्योत्तर मंजुरीचा प्रश्न अजून संपलेला नाही, प्रकरण नव्याने ऐकायचे ठरले आहे. त्या सुनावणीकडे आपले लक्ष असले पाहिजे. उद्या एखाद्या तहसील कार्यालयात पुन्हा कुणी आपल्याला विचारेल, "परवानगी घेतली होती का?" त्या वेळी आपण तोच प्रश्न त्याच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या प्रकल्पाच्या नकाशाकडे बोट दाखवून विचारला पाहिजे. कायदा झोपडीला एक आणि सरकारला दुसरा असू शकत नाही. संविधानाने आपल्याला समता दिली आहे, ती या टेबलावरही लागू आहे.

जय भीम!